झुलालभाऊ दारावर जातात

नशिराबादच्या झुलालभाऊंचा पेपर शेवटच्या पानापासून सुरू होतो. पहिल्या पानावर कोण निवडून आलं आणि कोण फुटून गेलं याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. ते आधी निधनवार्ता वाचतात. चष्मा कपाळावर, पेपर नाकाशी, आणि तांदळातले खडे निवडावेत तसं एकेक नाव बोटानं बाजूला सारत जायचं. मध्येच एखाद्या नावावर बोट थांबतं. मग भाऊ सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, "गेले बिचारे. अँबेसेडर होती त्यांच्याकडे. एकोणसाठची."

नवख्या माणसाला हे जरा विचित्र वाटतं. पण भाऊ जुन्या मोटारींचे मिस्त्री आहेत. जुन्या म्हणजे दहा-पंधरा वर्षांच्या नव्हेत. त्या त्यांच्या लेखी तान्ह्या. जिचा कारखाना बंद पडला, कारखानदार वारला आणि जिथे ती बनली त्या देशालाही जिचा विसर पडला, ती मोटार भाऊंच्या मते आत्ता कुठे रुळायला लागलेली असते. अशा मोटारी दुरुस्त करणं अवघड नाही, असं ते सांगतात. अवघड असतं ते पार्ट मिळवणं. कारण हा पार्ट दुकानात नसतो, तो दुसऱ्या तशाच मोटारीत असतो. आणि ती दुसरी मोटार कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात असते. मालक जिवंत असेपर्यंत ती विकत नाही, कारण "एकदा काढायचीय बाहेर" असं तो तीस वर्षं म्हणत असतो. मालक गेला, की मुलं आठवड्याभरात तिला भंगारात घालतात. तीस वर्षं आणि एक आठवडा यांच्या मधल्या फटीत झुलालभाऊंना बरोबर पोचावं लागतं.

ती फट म्हणजे दारावर जाणं.

आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं, की ओळखीपाळखीचे दारावर जातात. पुरुष ओट्यावर बसतात, बाया आत जातात, थोडं रडणं होतं, थोडं बोलणं होतं, आणि उठताना कुणी 'येतो' म्हणत नाही. भाऊ या कामात फार शिस्तीचे. त्यांचा नियम तीन खेपांचा आहे. पहिल्या खेपेला नुसतं बसायचं. गोठा दिसला तर पाहायचा, पण मान वळवायची नाही. दुसरी खेप गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवशी. तेव्हाही मोटारीचं नाव काढायचं नाही. सव्वा महिना उलटला की तिसऱ्यांदा जायचं आणि चहा पिऊन झाल्यावर, चप्पल पायात घालताना, सहज विचारायचं, "ती मागची गाडी काही काढायची का?"

"घाई केली तर पार्ट मिळतो," भाऊ म्हणतात, "पण त्या घरचा चहा परत मिळत नाही."

या रीतीनं त्यांनी चाळीस वर्षांत अर्ध्या खानदेशातल्या मोटारींची हाडं गोळा केली आहेत. हायवे रुंद झाला तेव्हा त्यांचं गॅरेज चाळीस फूट मागे सरकलं, पण आतली मांडणी हलली नाही. केळीच्या खोक्यांत हेडलाइटच्या कड्या, तुपाच्या डब्यांत बोल्ट, आणि भिंतीला टांगलेली स्टिअरिंगं. कुठल्या खोक्यात काय आहे ते फक्त भाऊंना माहीत. त्यांच्या मंडळी सुनंदाबाई म्हणतात, "घरात मीठ कुठंय ते विचारा एकदा यांना."

तर मेहरूणचे हीरालालशेठ. कापडाचं जुनं दुकान, वय चौऱ्याऐंशी, आणि घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची सत्तावन्न सालची मॉरिस मायनर. याच गाडीवर शेठ अठराव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले. पुढे गाडी बंद पडली ती पस्तीस वर्षं शेडमध्येच राहिली. चार वर्षांपूर्वी शेठनी भाऊंना बोलावून तिच्यावरचा कपडा काढला, आणि भाऊंनी तिच्या बोनेटवर हात ठेवून, नाडी पाहिल्यासारखे डोळे मिटले. तेव्हापासून काम चालू होतं. इंजिन झालं, ब्रेक झाले, पत्रा झाला, गाद्या झाल्या. पुढच्या काचेचा वायपर भुसावळच्या एका निवृत्त गार्डाच्या माळ्यावर मिळाला. त्यानं तो का जपून ठेवला होता हे त्यालाही सांगता आलं नाही.

शेठच्या पत्नी मोहनबाई या सगळ्याकडे शांतपणे पाहत असत. मला एकदा म्हणाल्या, "चार वर्षं रोज सकाळी शेडमध्ये जाऊन बघतात, गाडी कशी आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोनदा विचारलं."

घाई नव्हती. मग गेल्या पावसाळ्यात शेठच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, डाव्या कडेचं जात चाललं होतं. त्यांचं लायसन बावीस जानेवारीला संपत होतं, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, की पुढच्या फॉर्मवर मी सही करणार नाही. डॉक्टर शेठच्या नात्यातले. शेठनी त्यांना जेवायला बोलावून पाहिलं. डॉक्टर जेवले, पण सही केली नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, लायसन कोण बघतंय, मेहरूणच्या तलावाच्या काठी एक चक्कर मारायला. पण हीरालालशेठ म्हणजे जळगावात रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारा माणूस. मागचे हॉर्न वाजवतात, हे हिरव्याची वाट बघतात. ते भाऊंना म्हणाले, "झुलाल, मला एकदाच चालवायचीय. पण चोरून नाही. बाबूजींची गाडी आहे. बावीसच्या आत झाली तर माझी, नाही तर मी शेजारी बसेन."

"शेजारी कशाला बसता शेठ, झाली समजा," भाऊ म्हणाले.

आणि डिसेंबरात, ट्रायल घेताना, गाडीच्या मागून टक्-टक् असा आवाज आला, गाडी दोन हात पुढे गेली आणि थांबली. भाऊ खाली शिरले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, त्यात एक मोठं दातेरी चक्र असतं आणि त्याला भिडलेलं एक छोटं. मोठं ते क्राऊन, छोटं ते पिनियन. इंजिनाचा जोर यांच्यामार्फतच चाकांना पोचतो. ही दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनंच तयार होतात. एकाला दुसरीकडचा जोडीदार चालत नाही. शेठच्या गाडीत लहानाला नऊ दात, मोठ्याला एकेचाळीस. त्यातले पाच तुटले होते.

शेठच्या नातवानं, मनननं, फोनवरून इंग्लंडहून एक जोडी मागवली. ती सुरेख गुंडाळलेली आली. भाऊंनी दात मोजले. आठ आणि त्रेचाळीस. पुन्हा मागवायची तर दीड महिना.

"नऊ-एकेचाळीस पाहिजे," भाऊ येईल त्याला सांगत. स्थळ बघताना गोत्र सांगतात, तसं.

दहा जानेवारीच्या सकाळी मी माझ्या स्कूटरचं निमित्त करून भाऊंकडे चहा पीत बसलो होतो. भाऊंचं बोट पेपरवर फिरत होतं. ते थांबलं. मी सुस्काऱ्याची वाट पाहिली. सुस्कारा आला नाही.

"कोण गेलं?"

"पुना पाटील," भाऊ म्हणाले, आणि गावाचं नाव वाचलं. शिंदखेड्याच्या अलीकडचं एक लहान गाव. "वय एक्याऐंशी." मग जरा थांबून, अगदी हळू, "याच्याकडे नऊ-एकेचाळीस आहे."

तिथल्या एका डॉक्टरची मॉरिस या पुना आबांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतली होती. भाऊ तिच्यासाठी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा आबांनी पोटभर जेवू घातलं होतं आणि गाडी द्यायला नाही म्हटलं होतं.

"मग झालं की काम," मी म्हणालो.

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा चहा थंड झाला. "सव्वा महिना लागतो," ते म्हणाले. "आणि बारा दिवस आहेत."

आपला नियम मोडायची वेळ आली, की माणूस आधी स्वतःलाच फसवायला बघतो. भाऊ म्हणाले, "मी काही मागणार नाही. चांगला माणूस होता, दारावर जायलाच पाहिजे. नुसतं बसून येऊ." मी म्हणालो, बरोबर आहे. आम्हां दोघांपैकी कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघालो. भाऊंच्या दारात सात मोटारी उभ्या असतात, पण शिंदखेड्याला जाऊन परत येईल अशी त्यांत एकही नसते, म्हणून माझी गाडी नेली. तिच्याबद्दल भाऊंचं मत चांगलं नाही. "हिला आवाजच नाही. दुखलंखुपलं तर सांगणार कशी?" मागे सुनंदाबाई. त्यांचं माहेर त्याच बाजूचं, त्यामुळे रडण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. अमळनेरला चहा घेतला, कारण मयताच्या घरी चहा मिळतो न मिळतो. बेटावद मागे पडलं तसे भाऊ खिडकीतून एकेक गोठा बघायला लागले. शेवटी म्हणाले, "अहो, गोठा कुठल्या बाजूला होता ते आठवत नाही. मान वळवावी लागेल."

"मी जोरात रडते," सुनंदाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात बघून घ्या."

त्या भागात दारावर आलेल्या बाईनं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढायचा असतो. सुनंदाबाईंनी गाडीतून उतरून पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटून घेतले आणि सुरुवात केली. "कसा सोडी गया रे मना बाबा..." गल्लीतल्या बाया दारात आल्या. एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हातारी नुसत्या भिडेखातर रडण्यात सामील झाली. मागून भाऊ, पांढरा सदरा, डोक्यावर उपरणं, नजर जमिनीवर. त्यांच्या मागे मी.

घर आलं. ओट्यावर एक म्हातारा बंडी घालून सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. त्यानं मान वर केली.

"कोन मरनं वं माय?" त्यानं काळजीनं विचारलं.

"पुना आबा," सुनंदाबाई हुंदक्यातून म्हणाल्या, आणि पदर बाजूला करून पाहिलं.

म्हाताऱ्यानं सूप खाली ठेवलं. "मी ते आठेच शे," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला.

भाऊंच्या डोक्यावरचं उपरणं आपोआप खाली आलं. इतकी माणसं त्यांनी आजवर दारावर जाऊन पोचवली, पण एखादं परत आलेलं पाहायची ही पहिलीच वेळ होती. आतून आबांच्या मंडळी झुंबरबाई आल्या. हातात चहाची बशी. त्यांनी रडणारी बाई पाहिली, नवरा पाहिला, आणि एकंदर प्रकार लक्षात आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "रडनं व्हई ते रड माय, पन यास्ले आधी च्या पिऊ दे."

मग उलगडा झाला. त्या गावात चार पुना पाटील. एक दूधवाला पुना, एक तलाठी पुना, एक लंबा पुना आणि हे मोटर पुना. गाव त्यांना तसंच ओळखतं. पेपरवाले मात्र लंबा किंवा मोटर छापत नाहीत. गेला होता तो लंबा. नुसत्या एका बोल्टावरून सत्तावन्न आणि अठ्ठावन्नची मोटार वेगळी ओळखणाऱ्या माणसानं चार पुना पाटलांना एकच धरलं होतं. वडिलांचं नाव पेपरात होतं. भाऊंचा चष्मा कपाळावर होता.

आबांनी सर्वांना बसवलं. मग शेंगा पुन्हा हातात घेऊन, भाऊ खरे कशासाठी आले ते ओळखून, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "तू मनाकरता नही उना. गाडीकरता उना."

इथे दुसरा कुणीही 'छे छे आबा' म्हणाला असता. भाऊ म्हणाले, "हो आबा."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. शेठ, डोळे, सही न करणारा डॉक्टर, बावीस तारीख, तुटलेले पाच दात. जिवंत माणसाला विचारायला सव्वा महिना थांबावं लागत नाही, हे एव्हाना त्यांच्या ध्यानात आलं असावं. आबा शेंगा सोलत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "त्या शेठले डायवरी येस का?"

"चांगली येते."

"मंग ठीक शे." ते उठले. "आधी लंबाना दारवर चाला. बाई रडी-रडीसन उनी, ते वाया नको जायला."

आबांना चालवत नव्हतं. दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी बैल जुंपायला लावले आणि गोठ्यातून एक छोटी डमणी बाहेर आली. बैलगाडीच, पण रबरी चाकांची आणि फार बुटकी. आबा तिच्या कडेला टेकले, आधी बसले, मग दोन्ही पाय हातांनी उचलून आत घेतले. निघाले. भाऊ जागच्या जागी उभे. त्या डमणीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, लोखंडी गोळा होता. मॉरिसचं धड कोंबड्यांना दिलं होतं, पण तिचा मागचा आस आबांनी अख्खाच्या अख्खा डमणीला लावला होता. चाळीस वर्षं दोन बैल खानदेशच्या मातीत नऊ-एकेचाळीस फिरवत होते.

अशी ती मिरवणूक लंबा पुनाच्या घरी गेली. पुढे डमणीत मोटर पुना, मागे नजर खाली घातलेले झुलालभाऊ. लोकांना वाटलं, किती दुःख झालंय या माणसाला. सुनंदाबाईंनी जिथे सोडलं होतं तिथून पुढे रडायला घेतलं. लंबा पुनाच्या ओट्यावर भाऊ रीतसर बसले, त्यांच्या मुलाशी बोलले, आणि उठताना कुणीच 'येतो' म्हटलं नाही.

परत आल्यावर भाऊ पांढऱ्या सदऱ्यासकट डमणीखाली आडवे झाले. चाकावर खडूची खूण केली, गोळ्याच्या पुढच्या तोंडावर, जिथे पिनियन असतं तिथे, दुसरी. "आबा, हाका हळू." बैल चालू लागले आणि भाऊ कोपरांवर सरपटत शेजारून. चाकाचे दोन फेरे झाले तेव्हा पुढचं तोंड नऊ वेळा आणि वर थोडं फिरलं होतं. म्हणजे हिशेब नऊ-एकेचाळीसचाच. भाऊ बाहेर आले. चेहरा काळा, सदरा त्याहून काळा, आणि दात तेवढे पांढरे दिसत होते.

आबा उतरायला लागले. आधी पाय हातांनी बाहेर, मग टेकण, मग उभं राहणं. भाऊ ते बघत होते, आणि त्यांचे दात हळूहळू मिटले.

"आबा, ही बुटकी आहे म्हणून जमतं तुम्हाला."

"दुसरी गाडीवर चढाले दोन मानसं लागतस," आबा म्हणाले. "वावरमा रोज जास मी. हाई लई गया ते मी घरमाच." ही नेली तर आबांचं शेत सुटणार होतं. मग हसून म्हणाले, "मी मरसू तव्हय लई जाजो. आते रस्ता ते तुले माहीत शे."

झुंबरबाईंनी भरीत आणि कळण्याच्या भाकरी वाढल्या होत्या. सुनंदाबाईंना प्रश्न पडला होता, की दारावरून आल्यावर आंघोळ न करता जेवायचं कसं. झुंबरबाई म्हणाल्या, लंबाकरता हातपाय धू, मोटरकरता धुवाचं कारण नही. भाऊ मात्र भाकरीकडे नुसते बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आबा, एवढाच बुटका दुसरा आस बनवून दिला तर?"

आबांनी ठेचा भाकरीला लावला. "बनाव. मी बसी पाहसू. जमनं ते लई जाय." मग बोट वर करून, "पन ती मोटरमा माले एकदाव बठाडजो."

भाऊ तिथेच राहिले. मी सुनंदाबाईंना घेऊन परत आलो. भाऊंनी धुळ्याच्या भंगार बाजारातून एका लहान मोटारीचा मागचा साधा आस आणला, ज्यात क्राऊन नसतोच. डमणीला तो कशाला लागतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे कापाकापी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला.

"झालं का भाऊ?"

"झालं. पण दोन बोटं उंच झालं."

"चालेल की दोन बोटं."

"आबांचा पाय दोन बोटं कमी उचलतो. परत कापलं."

"अहो, पण शेठचे नऊ-दहा दिवस राहिले."

भाऊंनी पलीकडे वेल्डिंगवाल्याला थांबायला सांगितलं. मग भाऊ म्हणाले, "शेठला एकदा चालवायचीय. आबांना रोज बसायचंय." आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी आणायला गेलो तेव्हा परीक्षा चालू होती. नव्या आसावरच्या डमणीला आबा टेकले, बसले, पाय आत घेतले. उतरले. पुन्हा बसले. मग बैलांना हाक दिली आणि काही न बोलता, मागे वळून न बघता, वावराकडे निघून गेले. तो आम्ही होकार समजलो. झुंबरबाईंनी पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "आते उना ते हसत येजो भाऊ."

नशिराबादला भाऊंनी तो गोळा उघडला तर आतून भज्यांचा वास आला. आबा दर पोळ्याला बैलांना लावून उरलेलं शेंगदाण्याचं तेल त्यात ओतत आले होते. दात मात्र एकही गेला नव्हता. पुढचे सहा दिवस भाऊ दुसरं काही बोलले नाहीत. जोडी शेठच्या गाडीत बसवायची, दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, फिरवायची, शेंदूर कुठे पुसला गेला ते बघायचं, परत काढायची, केसाएवढी पातळ चकती घालायची, परत बसवायची. वीस तारखेला शेंदूर दातांच्या बरोबर मध्यावर पुसला गेला. त्या दिवशी संध्याकाळी भाऊ शेंदऱ्या हातांनीच जेवायला बसले. सुनंदाबाई म्हणाल्या, "मारुतीला नैवेद्य दाखवतेय असं वाटतंय."

बावीसला चार वाजता मेहरूणला जमलो. पुना आबा एसटीनं आले होते, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. शेठ कोट घालून. लायसन कोटाच्या वरच्या खिशात, अर्धं बाहेर दिसेल असं. शेठ स्टिअरिंगवर बसले, शेजारी आबा, मागे मोहनबाई आणि भाऊ. मी स्कूटरवर.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शेठनी गिअर टाकला, हात बाहेर काढून इशारा केला, रस्ता रिकामा असताना, आणि निघाले. त्यांचा वेग इतका बेताचा होता, की स्कूटरवर तोल सांभाळणं मला कठीण जात होतं. तलावाच्या काठानं ऊन तिरपं आलं होतं. शेठ ताठ बसले होते, हनुवटी थोडी वर, अठराव्या वर्षी बाबूजींनी सांगितली असेल तशी. भाऊ तलाव बघत नव्हते, गाडी बघत नव्हते. मान खाली घालून, एक कान मागच्या गादीला जवळजवळ टेकवून, ते नऊ-एकेचाळीस ऐकत होते.

साधारण अर्ध्या वाटेवर डावीकडून, तलावातून नुकतीच उठलेली एक म्हैस निथळत रस्त्यावर आली. शेठनी वेग कमी केला नाही.

"हो, हो, हो," आबा खालच्या आवाजात म्हणाले. बैलाला म्हणतात तसं.

शेठचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी, सुरेख थांबली. म्हैस बोनेटच्या पुढून, घाई न करता, उजवीकडे निघून गेली. तेव्हा ती शेठना दिसली असावी; पण शेपटीकडून.

"डावीकडून आली?" शेठनी विचारलं.

मागून मोहनबाई म्हणाल्या, "हो."

"केवढी होती?"

"म्हशीएवढी."

शेठनी इंजिन बंद केलं. मी स्कूटर उभी करून जवळ गेलो. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेचारच वाजले होते. लायसनला अजून साडेसात तास होते, आणि तलावाची अर्धी फेरी बाकी होती. मी म्हणणार होतो, की शेठ, रस्ता रिकामा आहे, मी स्कूटर पुढे घेतो. पण भाऊंनी आतून माझ्याकडे पाहून मान हलवली, नको.

शेठ उतरले. दार हलक्या हातानं लावलं. खिशातलं लायसन, ते अर्धं बाहेर डोकावत होतं ना, ते त्यांनी बोटानं पूर्ण आत सरकवलं. "झुलाल," ते म्हणाले, "फार छान केलीस. आता तू घे."

भाऊ उतरून पुढे गेले. शेजारची जागा पुना आबांची होती, आणि आबा काही तिथून हलण्याच्या विचारात दिसत नव्हते. म्हणून शेठ मागचं दार उघडून मोहनबाईंच्या शेजारी बसले. लग्नाला साठ वर्षं होऊन गेली, पण या गाडीत ते कायम पुढे आणि मोहनबाई मागे सासूबाईंच्या बाजूला. मागच्या सीटवर दोघं बरोबर कधी बसलेच नव्हते. मोहनबाईंनी पदर आवरून जागा केली.

भाऊंनी गाडी सुरू केली. मी मागे राहिलो, तलावाला पूर्ण वळसा घालून ते परत येईपर्यंत थांबलो. पण गाडी आली आणि न थांबता माझ्या समोरून पुन्हा पुढे निघून गेली. आबांनी खिडकीतून मला हात केला.

संध्याकाळी मी भाऊंना विचारलं, दुसरी फेरी कशाला घेतली.

"क्राऊनचा आवाज नीट ऐकायचा होता," भाऊ म्हणाले. "पण मागची दोघं बोलायची थांबतच नव्हती."